उद्यापासून नको येऊ...

मागच्या महिन्यात आपल्या कॉलेजात एका कंपनीचं प्री-प्लेसमेंट प्रेझेंटेशन झालं. सेमिनार हॉल खच्चून भरला होता. 'पॅकेज'ची स्लाइड आली तेव्हा मागच्या बाकांवरून शिट्ट्यासुद्धा वाजल्या. त्याच स्लाइडवर खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, 'प्रोबेशन पिरियड : सहा महिने'. ती कुणी वाचली की नाही, माहीत नाही. मी वाचली. कारण मित्रांनो, मी एकदा प्रोबेशनवर राहून आलेली आहे, आणि तिथून मला काढूनही टाकलेलं आहे! तेव्हा मी सतरा वर्षांची होते.

कंपनी वगैरे काही नव्हती. भद्रावतीला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं एक दुकान होतं. २०२३ सालची गोष्ट. बारावी झाली होती, सीईटी झाली होती, रिझल्टची वाट पाहत घरी बसून कंटाळा आला होता. जूनमध्ये अ‍ॅडमिशनचे फॉर्म सुरू झाले की अशा दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. कॉन्व्हेंटची पोरगी आहे, इंग्रजी फॉर्म पटापट भरेल, म्हणून दुकानवाल्या काकांनी मला बोलावलं. दुपारी चार ते रात्री नऊ. पगार किती, असं बाबांनी विचारलं तर काका म्हणाले, "आधी काम तर पाहू. तीन महिने ट्रायल. मग ठरवू."

'ट्रायल' म्हणजेच प्रोबेशन. सरकारी कागदात याला 'परिवीक्षा' म्हणतात, हा शब्द मला मागच्या वर्षी कळला. आमच्या शाळेत मराठी हा आठवड्यातून थोडेच तास असलेला विषय होता, आणि त्याचा फटका मला त्या दुकानात बसला. तोही सांगते.

चंदनखेड्याकडचा एक मुलगा इंजिनीअरिंगचा फॉर्म भरायला आला होता. डोमिसाइल सर्टिफिकेट अपलोड करायचं होतं. त्याच्या फाइलमध्ये एक 'रहिवासी दाखला' होता आणि एक 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र'. मला 'अधिवास' म्हणजे काय ते माहीत नव्हतं, 'रहिवासी' माहीत होतं. मी रहिवासी दाखला चढवला. डोमिसाइल म्हणजे दुसरा कागद होता! चार दिवसांनी तपासणीत त्याचा फॉर्म परत आला. मुदत होती म्हणून दुरुस्ती झाली, पण त्याच्या वडिलांना मजुरी बुडवून परत एकदा भद्रावतीला यावं लागलं. ते मला काहीच बोलले नाहीत. नुसते बाकावर बसून राहिले. तो दिवस मला अजून आठवतो. त्या मुलाला कुठेतरी अ‍ॅडमिशन मिळाली असेल असं मी स्वतःला सांगते.

म्हणजे मी काही आदर्श कर्मचारी नव्हते. दोन वेळा उशिराही गेले. हे आधीच कबूल करते, कारण पुढची तक्रार 'माझं काहीच चुकलं नाही' अशी नाही.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी रात्री शटर खाली घेता घेता काका म्हणाले, "उद्यापासून नको येऊ बेटा. काम पडलं तर फोन करीन." मी 'बरं' म्हटलं आणि घरी आले. काय चुकलं, हे विचारायची हिंमत झाली नाही. पहिल्या महिन्याचे दीड हजार मिळाले होते. पुढच्या तेरा दिवसांचे काही मिळाले नाहीत.

एवढीच गोष्ट असती तर मी ती आपल्या मॅगझिनमध्ये लिहिली नसती. दीड हजाराची नोकरी गेली, त्यात काय एवढं! पण गाव लहान असलं की 'कारण' रिकामं राहत नाही. मालकाने सांगितलं नाही तर दुसरं कुणीतरी ते भरून टाकतं. आठ दिवसांत पीठगिरणीवर आईला एका बाईंनी विचारलं, "काहून काढलं जी पोरीले? गल्ल्यात काही झालं काय?" आईने घरी येऊन ते सांगितलं. त्या रात्री जेवण झाल्यावर बाबा माझ्याजवळ येऊन बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग. काही घेतलं होतं का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी ते मानलं. पण त्यांना विचारावं लागलं, हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ट्रायलवर ठेवलेल्या माणसाला काढायचा हक्क मालकाला असावा. काम जमतं की नाही ते बघितल्याशिवाय कुणी कुणाला कायम का करेल? पण काढताना कारण सांगायचं आणि केलेल्या दिवसांचे पैसे द्यायचे, एवढं तरी त्याच्यावर बंधन असलं पाहिजे. समोरचा सतरा वर्षांचा असेल तर जास्तच, कारण त्या वयात आपण न सांगितलेलं कारण आयुष्यभर स्वतःच शोधत बसतो. मी आठ कारणं शोधली होती. तुम्हाला यादी देत नाही.

कायदा काय म्हणतो? मी थोडं वाचून काढलं. (आपल्याला सहाव्या सेमिस्टरला याच्यापेक्षा कंटाळवाणं वाचायला लावतात, त्यामुळे सवय आहे.) १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षभर काम केलेल्याला काढताना तीस दिवसांची, आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी काम केलेल्याला चौदा दिवसांची लेखी नोटीस होती. तीन महिन्यांच्या आतल्याला काही नाही. 'तीन महिने ट्रायल' हा आकडा गावोगावच्या दुकानदारांच्या तोंडी कुठून आला असेल, याचा मला थोडा अंदाज आला! तो कायदा जाऊन २०१७ चा नवा महाराष्ट्राचा कायदा आला, तो मुख्यतः दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर न्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. आमच्या दुकानात काका, एक दादा आणि मी. तिघं. आम्ही कुठल्याच हिशेबात बसत नव्हतो.

पैशांच्या बाबतीत मात्र एक चांगली गोष्ट झाली आहे. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामावरून काढलं किंवा स्वतः सोडलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा, असं त्यात आहे, आणि ती लहान दुकानांनाही लागू आहे. माझ्या वेळी ती लागू नव्हती. आज कुणाचे तेरा दिवस अडकले असतील तर त्याने हे लक्षात ठेवावं.

प्रोबेशनवरच्या माणसाचं काय होऊ शकतं, याचा एक खटला मला फार आवडला. अनूप जयस्वाल नावाचे एक तरुण आयपीएसमध्ये निवडले गेले आणि हैदराबादच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण घेत होते. जून १९८१ मध्ये एका पावसाळी सकाळी काही प्रशिक्षणार्थी व्यायामाला उशिरा पोचले. खुलासे सगळ्यांकडून मागवले, पण काढलं एकट्या जयस्वालांना. आदेशात उशिराचा उल्लेखही नव्हता. सरकार म्हणालं, प्रोबेशनर आहे, योग्य वाटला नाही, विषय संपला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदेशाची भाषा साधी असली तरी त्याच्या मागे काय आहे ते आम्ही पाहणार, आणि चौकशी न करता गैरवर्तनाची शिक्षा अशी गुपचूप देता येणार नाही. जयस्वाल परत नोकरीत आले. आता आयपीएसला घटनेचं कलम ३११ आहे, झेरॉक्सच्या दुकानाला ते लागू होत नाही, हे मला कळतं. पण 'काढलं' आणि 'डाग लावून काढलं' यात फरक आहे, हे न्यायालयाला समजलं, याचंच मला बरं वाटलं.

दूर कशाला, आमच्या गावाला लागूनच आयुध निर्माणी आहे. तिथे अ‍ॅप्रेंटिस घेतात. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याप्रमाणे अ‍ॅप्रेंटिससुद्धा 'कामगार' नसतो, शिकाऊच असतो. तरी त्याचा लेखी करार होतो आणि तो मधेच मोडायचा तर अ‍ॅप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायजरकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे शिकणाऱ्यालाही कागद देता येतो! दुकानदाराने एवढं करावं असं मी म्हणत नाही. एका वहीच्या पानावर तारीख, वेळ, पगार आणि सही. दुकानात झेरॉक्स मशीन तर होतीच.

आपल्याकडे गॅदरिंगच्या भाषणात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेऊन 'कमवा आणि शिका' हमखास येतं. टाळ्याही पडतात. पण कमावताना शिकणारं पोरगं चुकणारच, हे त्या टाळ्यांत कुणी धरत नाही. चूक दाखवायला पाच मिनिटं लागतात. अधिवास म्हणजे डोमिसाइल, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एका माणसाची एका दिवसाची मजुरी वाचली असती. अर्थात मीही विचारायला हवं होतं. मला लाज वाटत होती, की इंग्रजी येतं म्हणून ठेवलेल्या मुलीला मराठी येत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत स्कॉलरशिपच्या कागदांची झेरॉक्स काढायला मी मुद्दाम त्याच दुकानात गेले. काकांनी ओळखलं. "काय करते बेटा आता?" म्हणाले. इंजिनीअरिंग म्हटल्यावर खूश झाले, चहा मागवला. मी धीर करून विचारलं, "काका, तेव्हा मला का काढलं होतं?"

ते क्षणभर आठवत राहिले. मग म्हणाले, "अगं, फॉर्मचा सीझन संपला होता ना. दोघांचा खर्च परवडत नव्हता."

"आणि गल्ल्यातले पैसे?"

"कोणते पैसे?"

तेरा दिवसांचे पैसे मी मागितले नाहीत. चहा प्यायल्यावर मागायला जड गेलं. हे चुकलंच माझं, वर एवढा कायदा सांगून!

काउंटरच्या मागे एक नवीन पोरगा बसला होता, अकरावी-बारावीतला असावा. माझे कागद त्याने नीट लावून, स्टेपल करून दिले. काका आत गेल्यावर मी त्याला विचारलं, "पगार किती ठरला रे?"

तो हसला. "अजून नाही ठरला ताई. काका म्हणाले, आधी काम तर पाहू."