एमआर की एमएमआर? वगळलेल्या एका ‘एम’ची किंमत

सरकारी लसीकरण केंद्रावर बाळाला नवव्या महिन्यात जी लस टोचली जाते तिचे नाव एमआर. त्याच वयाच्या बाळाला खासगी बालरोगतज्ज्ञाकडे मिळते ती एमएमआर. पहिल्या कुपीत गोवर आणि रुबेला यांचे दुर्बल केलेले विषाणू असतात. दुसरीत त्यांच्या जोडीला गालगुंडाचाही. सुई तेवढीच, बाळाचे रडणे तेवढेच. फरक आहे तो पालकांच्या खिशाचा, आणि पंधरा-वीस वर्षांनंतर कदाचित त्या मुलाच्या वृषणांचा.

हे शेवटचे वाक्य काहींना अभिरुचिहीन वाटेल. अडचण नेमकी तीच आहे. गालगुंडाची चर्चा आपल्याकडे गालापाशीच थांबते: सूज येते, लेप लावला जातो, आठवडाभर शाळा बुडते, विषय संपतो. २०२४ च्या आरंभी केरळमध्ये अवघ्या दोन-अडीच महिन्यांत ११ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, तेव्हाही राष्ट्रीय बातम्यांचा सूर ‘घाबरण्याचे कारण नाही’ असाच होता. लहान मुलांपुरते ते बरेचसे खरे आहे. वयात आलेल्या पुरुषांपुरते नाही.

लस न मिळालेल्या तरुणाला गालगुंड झाले, तर साधारणपणे दर चार-पाच जणांमागे एकाला वृषणदाह होतो. गाल सुजल्यानंतर चार ते आठ दिवसांनी, आजार उतरतो आहे असे वाटत असतानाच, पुन्हा ताप चढतो आणि एक वृषण सुजून असह्य दुखू लागते, काहींना दोन्ही. वृषणाभोवती एक चिवट तंतुमय आवरण असते आणि ते फारसे ताणले जात नाही. आत सूज वाढली की तिला पसरायला जागा उरत नाही. दाब वाढतो, रक्तपुरवठा रोडावतो आणि शुक्राणू घडवणाऱ्या नाजूक नलिका चिरडल्या जातात. शरीराच्या तापमानापेक्षा दोन-चार अंश थंड राहण्यासाठी जो अवयव उदरपोकळीबाहेर आला, त्यालाच ताप आणि दाह यांनी शेकून काढलेले असते. बाधित वृषणांपैकी तिसरा हिस्सा ते निम्मी पुढे कमी-अधिक आक्रसतात. संपूर्ण वंध्यत्व मात्र विरळा. त्याचा बागुलबुवा उभा करणे हाही अप्रामाणिकपणाच ठरेल. पण शुक्राणूंची संख्या आणि गुणवत्ता घसरणे विरळा नाही.

आणि उपचार? या विषाणूवर विशिष्ट औषध नाही. विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ, लंगोटासारखा घट्ट आधार, वेदनाशामक गोळ्या, एवढेच. प्रतिजैविके निरुपयोगी. स्टेरॉइडने वेदना कमी झाल्या तरी वृषण आक्रसणे टळते, असे सिद्ध झालेले नाही.

वृषणातील प्रत्येक वेदना गालगुंडाची नसते, हेही सांगायला हवे. लैंगिकदृष्ट्या सक्रिय तरुणांत क्लॅमिडिया आणि गोनोरिया, उतारवयात मूत्रमार्गातून चढणारे ई. कोलाय, आणि भारतात विसरता न येणारा क्षय, हे सारे प्रथम अधिवृषणाला आणि तेथून वृषणाला गाठतात. त्यांवर नेमकी औषधे आहेत. पहिल्या दोहोंत जोडीदाराचे उपचारही अटळ. अचानक उठलेली तीव्र कळ मात्र वृषणाला पीळ पडल्याचीही असू शकते. तेथे सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच वृषण वाचण्याची खात्रीशीर आशा असते. संकोचापायी घरी सांगायला रात्र घालवायची आणि सकाळी औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाची पट्टी आणायची, या रिवाजात ते सहा तास सहज निघून जातात.

जो आजार एकदा झाल्यावर थोपवता येत नाही, तो होऊच न देणे हाच मार्ग उरतो. तो मार्ग १९६७ पासून, म्हणजे गालगुंडाच्या आजच्या परिचित लसीला अमेरिकेत परवाना मिळाल्यापासून, खुला आहे. १२० हून अधिक देशांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत ती आहे. दिल्लीने १९९९ पासून आपल्या राज्य कार्यक्रमात एमएमआर दिली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, तमिळनाडू, गोवा, पुद्दुचेरी आणि लक्षद्वीप येथून सुमारे ४१ कोटी मुलांचे लक्ष्य ठेवून देशव्यापी मोहीम सुरू झाली ती मात्र एमआरची. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा एमएमआरचा आग्रह बाजूला राहिला.

समर्थनाचे युक्तिवाद दोन. एक, गालगुंडाने मृत्यू जवळजवळ होत नाहीत. दुसरा, रोगभाराची आकडेवारी नाही. दुसरा युक्तिवाद तर स्वतःचेच शेपूट गिळणारा आहे: गोवर-रुबेलासारखे प्रयोगशाळेच्या आधारे रुग्णागणिक सर्वेक्षण गालगुंडासाठी उभारायचे नाही, आणि मग आकडे नाहीत म्हणून लस नाकारायची. भौतिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने उपकरण बंद ठेवून ‘संकेत शून्य’ असे नोंदवहीत लिहिले, तर त्याला प्रयोग पुन्हा करायला लावतात.

पण सर्वांत गंभीर दोष वेगळा आहे. लस अजिबात न देणे आणि सर्वांना देणे यांच्या मधली स्थिती कधी कधी दोहोंहून वाईट असते. ढोबळ गणित असे: निम्म्या मुलांना लस मिळाली, तर विषाणूचे वाहक निम्मे होतात, आणि लस न मिळालेल्या मुलाची विषाणूशी गाठ पडायला साधारण दुप्पट काळ लागतो. संसर्गाचे सरासरी वय आधी सहा असेल तर ते बाराच्या आसपास सरकते. एकूण रुग्ण घटतात, पण उरलेल्यांतले अधिक जण वयात आलेले असतात. ग्रीसने रुबेलाबाबत हा अनुभव घेतला. १९७५ च्या सुमारास लस आली, ती अर्ध्यामुर्ध्या मुलांपर्यंतच पोहोचली, आणि १९९३ च्या साथीत रोग तरुण वयात सरकलेला आढळला. गर्भावस्थेतच बाधित झालेली बाळे जन्माला आली. भारतात खासगी दवाखान्यांतली एमएमआर आणि सरकारी केंद्रांवरची एमआर मिळून गालगुंडाबाबत नेमकी हीच मधली स्थिती निर्माण करतात. गंमत म्हणजे रुबेलासाठी हा धोका धोरणकर्त्यांनी ओळखला होता; २०१७ च्या मोहिमेत पंधरा वर्षांपर्यंतची मुले घेतली गेली ती त्यासाठीच. तीच समीकरणे गालगुंडापाशी येऊन कशी बदलतात?

लसीवरचे आक्षेपही खोटे नाहीत. संरक्षण वर्षांगणिक ओसरते; अमेरिकेत दोन मात्रा घेतलेल्या महाविद्यालयीन मुलांतही साथी आल्या. मात्र लस घेतलेल्यांत वृषणदाहाचे प्रमाण लक्षणीय कमी राहिले. लेनिनग्राद-झाग्रेब वाणाच्या लसीनंतर ब्राझीलमध्ये मेंदूच्या आवरणाच्या सौम्य दाहाचे रुग्ण आढळले होते. कोणता वाण निवडावा, मात्रा किती द्याव्यात, यावर चर्चा करण्याची ती कारणे आहेत. चर्चाच न करण्याची नव्हेत.

पुण्यात बनणारी तिहेरी लस जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वमान्यतेने परदेशांत जाते. तिच्यासाठी नवी शीतसाखळी नको, वेगळी भेट नको, प्रशिक्षित हात तेच. राष्ट्रीय लसीकरण सल्लागार गटापुढे हा विषय पुन्हा येईल तेव्हा मृत्यूंच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असला पाहिजे: पंधरा ते तीस वयोगटातील वृषणदाहाचे रुग्ण. आज तो रकाना कोऱ्या कागदावरही नाही.