मृत्युपत्र तर केलं, पण ते अंमलात कोण आणणार? एक्झिक्युटर निवडताना काय बघायचं?

वाशीत फ्लॅट, दादरला जुनं घर, बँकेत एफडी. मुलगी पुण्यात, मुलगा अमेरिकेत. नवी मुंबईतल्या अनेक कुटुंबांचं चित्र असंच आहे. अशा घरात मृत्युपत्र केलेलं असलं तरी एक प्रश्न उरतोच: माणूस गेल्यावर बँक, सोसायटी आणि सिडकोच्या चकरा मारणार कोण?

मृत्युपत्रात ज्याच्यावर हे काम सोपवलं जातं, तो एक्झिक्युटर. देणी आणि कर भागवायचे, उरलेलं ज्याचं त्याला द्यायचं, ही त्याची जबाबदारी. कायद्याने मालमत्ता त्याच्या हाती येते, पण मालक म्हणून नाही, सांभाळणारा म्हणून.

आता काय बदललं?

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 मधलं कलम 213 काढून टाकलं. या कलमामुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्रांना प्रोबेट घेणं सक्तीचं होतं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब.

नवी मुंबई ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत येते. त्यामुळे वाशीच्या फ्लॅटसाठी ही सक्ती आधीही नव्हती, दादरच्या घरासाठी मात्र होती. आता तीही गेली. यात वेळ आणि खर्च वाचेल. पण आपोआप होणारी कोर्टाची तपासणीही गेली, म्हणून एक्झिक्युटर कोण आहे याला जास्त महत्त्व आलं. वाद झालाच, तर प्रोबेटसाठी कोर्टात उभं राहण्याचं कामही त्याच्याकडेच येतं.

नॉमिनी आहे, मग एक्झिक्युटर कशाला?

‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केलं होतं. 2013 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या काही गुंतवणुकींवर नॉमिनी नेमलेले होते. त्या पैशांचे मालक नॉमिनी की वारस, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि निकाल लागला 14 डिसेंबर 2023 रोजी. कोर्टाने स्पष्ट केलं की, नॉमिनी झाला म्हणून कोणी मालक होत नाही.

मग निवडायचं कोणाला?

रतन टाटांनी चार जणांना नेमलं होतं: वकील डेरियस खंबाटा, निकटचे सहकारी मेहली मिस्त्री आणि सावत्र बहिणी शिरीन व डिआना जीजीभॉय. कायदा जाणणारा, विश्वासातला मित्र आणि घरची माणसं, असा हा मेळ. आपल्याला चार जण लागतीलच असं नाही, पण हे नक्की बघा:

- वय: व्यक्ती सज्ञान हवी आणि शक्यतो तुमच्यापेक्षा लहान. ऐंशीच्या वडिलांनी ऐंशीचाच मित्र नेमला, तर पुढे पंचाईत होते.
- ठिकाण: अमेरिकेतल्या मुलाला सहीसाठी दरवेळी येणं जमेल का?
- नातं: वाटा मिळणारी व्यक्तीही एक्झिक्युटर होऊ शकते. पण भावंडांत धुसफूस असेल, तर तिसरा माणूस बरा.
- पर्याय: पहिल्याला जमलं नाही तर कोण, तेही लिहा. नाहीतर मृत्युपत्र रद्द होत नाही, पण प्रशासक नेमण्यासाठी कोर्टात जावं लागू शकतं.

आणि नाव लिहिण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. ती नकार देऊ शकते. होकार मिळाला, तर मृत्युपत्र कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हेही तिला सांगून ठेवा.