हँडलवरचा हिशेबनीस

“रोज किती सायकल चालवता?” डॉक्टरांनी विचारले.

“पंधरा किलोमीटर,” मी छाती पुढे काढून सांगितले. “गेली चार वर्षं. पावसाळ्यातसुद्धा खंड नाही.”

शेजारी बसलेल्या सौ.ने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पदराने उगाचच चष्मा पुसला. मी काही खोटे बोलत नव्हतो. पहाटे सहाला घराबाहेर पडायचे, पाषाण तलावाच्या बाजूला एक फेरी मारायची आणि सातला परत यायचे हा माझा नेम. सायकल साधारण ताशी पंधरा किलोमीटरने चालते, फेरीला तास लागतो, म्हणजे पंधरा किलोमीटर झालेच. हिशेब सरळ होता. चार वर्षांत तो तपासून पाहावा असे मला वाटले नव्हते.

तो तपासायची वेळ आणली आमच्या चिरंजीवांनी. तो बंगळूरला असतो. माझ्या साठीनिमित्त त्याने एक छोटे पार्सल पाठवले. उघडले तर काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे, काळे-करडे यंत्र. सोबत रबराची दोन कडी आणि चार्जिंगची वायर.

“बाबा, हा सायकलचा जीपीएस मीटर. हँडलला लावा. महागातले पंचवीस-तीस हजारांना मिळतात, हा चार हजारांच्या आतला आहे. नकाशा नाही यात. पण वेग, अंतर, वेळ आणि चढ एवढं सगळं कळेल,” तो फोनवर म्हणाला.

आमच्या लहानपणी पुणे हे सायकलींचे शहर होते. तेव्हा एखाद्या हौशी माणसाच्या पुढच्या चाकाला छोटा आकडेमीटर असायचा. आऱ्याला बसवलेली खुंटी दर फेऱ्याला मीटरच्या दातेरी चकतीला टक् करून धक्का द्यायची आणि आकडा पुढे सरकायचा. तो मीटर असलेल्या मुलाच्या मागे आम्ही गल्लीभर धावत असू. त्यामुळे हे नवे यंत्र हँडलला लावताना साठीतही हात थोडे थरथरले, हे कबूल करतो.

पहिल्या दिवशी घरी परतलो आणि आकडे पाहिले. एकूण वेळ ६२ मिनिटे. चाके फिरत होती तो वेळ ३८ मिनिटे. अंतर ९.६ किलोमीटर.

मी यंत्र हलवून पाहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माझा ताशी पंधराचा वेग अगदी बरोबर होता, चुकली होती ती उरलेली चोवीस मिनिटे. ती टपरीवरचा चहा, वर्तमानपत्र आणि निवृत्त मंडळींच्या राजकारणावरच्या चर्चेत जात होती. या यंत्रात एक सोय असते. सायकल थांबली की त्याचे घड्याळही आपोआप थांबते आणि चाक फिरू लागले की पुन्हा चालू होते. त्यामुळे चालवण्याचा वेळ आणि थांबण्याचा वेळ असा दूध-पाण्याचा निवाडा होतो. त्या निवाड्यात माझ्या चार वर्षांच्या पंधरा किलोमीटरांचे पाणी झाले.

“मग, डॉक्टरांना फोन करून सांगायचं का?” सौ.ने विचारले. ती हसत नव्हती, पण हसण्याच्या फार जवळ होती.

खालच्या मजल्यावरच्या अण्णांना वेगळीच शंका. “म्हणजे तुम्ही कुठे जाता ते उपग्रहातून कुणीतरी बघतं का हो?” पुष्कळांना असे वाटते, म्हणून सांगतो. हे यंत्र उपग्रहाला काहीही कळवत नाही, ते फक्त ऐकते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे किमान चोवीस उपग्रह फिरत असतात. प्रत्येक जण आपली जागा आणि नेमकी वेळ सतत सांगत असतो. ती हाक आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतर काढते आणि चार उपग्रहांच्या हाका ऐकू आल्या की आपण कुठे आहोत ते ठरवते. त्यासाठी मोबाइलचे नेट लागत नाही, महिन्याचे भाडे नाही. ही अमेरिकेची यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण झाली, पण सामान्य लोकांसाठीच्या संकेतात मुद्दाम गफलत ठेवली जायची. मे २००० मध्ये ती काढून टाकली. आज चार हजारांच्या डबीत आपण रस्त्याच्या कोणत्या वळणावर आहोत ते कळते, त्याचे मूळ या निर्णयात आहे. आता रशियाची ‘ग्लोनास’, युरोपची ‘गॅलिलिओ’, चीनची ‘बायडू’ आणि आपल्या इस्रोची ‘नाविक’ अशा इतर यंत्रणाही आहेत. आपल्या मीटरला यांतल्या कोणत्या ऐकू येतात, ते घेताना विचारून घ्यावे.

स्वस्त वस्तूच्या खोडीही सवयीने कळतात. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये यंत्र सुरू केले की ते उपग्रह शोधत बसते आणि पहिला अर्धा किलोमीटर हिशेबातच येत नाही. मी आता फाटकाबाहेर मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर उभा राहतो. तेवढ्यात दोन्ही चाकांची हवा दाबून पाहतो. पाषाण रस्त्यावर दाट झाडीखालून गेलो, तर फोनवर उतरवलेल्या नकाशात माझी रेघ अशी नागमोडी येते, की पाहणाऱ्याला वाटावे हा माणूस चहापेक्षा वेगळे काही पिऊन निघाला होता. उंच इमारतींवरून संकेत आपटून आले तरी असेच होते. एका रविवारी जुन्या कात्रज घाटात गेलो, तेव्हा बोगद्यात शिरताच यंत्र मुके झाले आणि पलीकडे बाहेर पडल्यावर पुन्हा बोलू लागले.

उंचीची गंमत तर आणखीच. एके दिवशी निघताना आमचे फाटक समुद्रसपाटीपासून ५७० मीटरवर होते आणि परत आलो तेव्हा ५६० मीटरवर. तासाभरात इमारत दहा मीटर खचली की काय! कारण असे, की माझे यंत्र उंची मोजते ती हवेच्या दाबावरून. दाब एक मिलिबारने वाढला की त्याला वाटते, आपण सुमारे आठ मीटर खाली उतरलो. आपल्याकडे पहाटेपासून सकाळी दहापर्यंत हवेचा दाब रोजच थोडा चढतो. त्यात पावसाचा थेंब यंत्राच्या खालच्या बारीक छिद्रात अडकला, की मग विचारूच नका. आणि खर्च झालेल्या कॅलरी? त्या यंत्र माझे वजन, वेग असल्या चार गोष्टींवरून अंदाजाने लिहिते. एका सकाळी २४० चा आकडा पाहून मी साजूक तुपातला शिरा दोनदा मागून घेतला. त्या अंदाजावर वाटी पुढे करू नये, हे मला वजनकाट्याने शिकवले.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. पुढचे सांगताना मात्र जरा संकोच वाटतो.

नऊ-साडेनऊ किलोमीटरचा डाग पुसायचा म्हणून मी खरोखरच पंधरा किलोमीटर करू लागलो. ते जमले. मग सरासरी वेग दिसू लागला. पंधराचा सोळा झाला, सोळाचा सतरा. टपरीवरची मंडळी हात करायची, मी घंटी वाजवून पुढे जायचो. खरे तर तिथे थांबल्याने सरासरी कमी होत नव्हती, पण एकदा आकड्यांचे वेड लागले की थांबणेच नकोसे होते. एकदा तर आकडा पाहण्याच्या नादात समोरचा खड्डा दिसला नाही आणि कोपर सोलून घरी आलो.

त्याच सुमारास सौ.ने मनावर घेतले. कॉलेज सोडल्यापासून तिने सायकलला हात लावला नव्हता. भाचीची जुनी, पुढे टोपली असलेली सायकल तिने झाडून-पुसून घेतली, सोसायटीच्या आवारात आठवडाभर सराव केला आणि एका सोमवारी माझ्याबरोबर निघाली. मला आनंद झाला नाही असे नाही. पण ती चालवायची ताशी अकराने. वाटेत बहावा फुललेला दिसला की “अहो, बघा ना!” म्हणून थांबायची. चढ आला की उतरून हातात धरून चालायची. घरी आलो की मी आधी आकडे पाहायचो. सतराची सरासरी बारावर आलेली.

“अगं, जरा जोरात मार ना पायडल,” मी पहिल्या आठवड्यात म्हणालो. दुसऱ्या आठवड्यात म्हणालो, “चढाला उतरू नकोस, सवय होणार कशी?” तिसऱ्या आठवड्यात मी काही म्हणालो नाही. नुसता पुढे जाऊन थांबायचो आणि ती येईपर्यंत हँडलकडे बघत राहायचो.

चौथ्या सोमवारी ती उठली नाही. “तुम्ही जाऊन या. माझ्यामुळे तुमची सरासरी बिघडते,” एवढेच म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी, खरे सांगतो, दुसऱ्यांदा आग्रहही केला नाही. पुढच्या तीन-चार महिन्यांत माझी सरासरी अठरावर गेली. मुलाला फोटो पाठवला. त्याने शाबासकी दिली.

मग वार्षिक तपासणी आली. त्यात एचबीएवनसी नावाची रक्ताची एक चाचणी असते. साखर आज किती आहे ते ती सांगत नाही, साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांत सरासरी किती होती ते सांगते. आदल्या दिवशी गोड टाळून तिला फसवता येत नाही. माझा आकडा आटोक्यात होता. सौ.चा वर गेला होता.

“तुमचं काही चालणं-फिरणं?” डॉक्टरांनी तिला विचारले.

“मध्ये सायकल चालवत होते. आता बंद केली,” ती म्हणाली.

“का बरं? चांगली सवय होती. गुडघ्यांवरही भार येत नाही.”

“तसंच आपलं. जमलं नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर बरे झाले असते. अठराच्या सरासरीचा फोटो खिशातल्या फोनमध्ये होता आणि मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. ज्या सरासरीला अर्थ होता ती या कागदावर होती आणि ती मी बिघडवली होती. यंत्राने मला कधीच फसवले नव्हते. विचारले तेवढेच ते सांगत होते. सकाळी आपण कुणाबरोबर निघालो आणि कुणाला मागे टाकून आलो, हे मोजायचे काम त्याचे नव्हते, माझे होते.

त्या संध्याकाळी मी यंत्राच्या सेटिंगमध्ये गेलो. अशा बहुतेक मीटरवर कोणते आकडे दिसावेत ते आपल्याला ठरवता येते. मी वेग काढला, सरासरी काढली, कॅलरी काढल्या. घड्याळ आणि अंतर एवढेच ठेवले. मग रबराची कडी सोडवून ते तिच्या टोपलीच्या सायकलला लावले. सकाळी चहा देताना तिला म्हणालो, “आजपासून हिशेब तू ठेव. मी मागून येतो.”

“बघू,” ती म्हणाली. पण चप्पल बदलून बूट घातले.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. पुढे ती असते, मागे मी. पहिल्या महिन्यात तिने डायरीत १४२ किलोमीटर लिहिले. आमच्या लग्नाच्या दुधाच्या हिशेबापासून ती डायऱ्या लिहिते, त्यामुळे हा हिशेब माझ्या पंधरा किलोमीटरांसारखा नाही. तिचा रक्तातला आकडा मागच्या तपासणीत थोडा खाली आला. औषधे चालू आहेत, पथ्य चालू आहे. त्यामुळे सगळे श्रेय सायकलला देणार नाही. आकड्यांना किती बोलू द्यायचे, हे मी आता शिकलो आहे.

कुणी असा मीटर घेणार असेल तर जरूर घ्यावा. महागडाच हवा असे नाही. रबराच्या कड्याबरोबर एक बारीक दोरीही बांधावी, म्हणजे खड्ड्यात उडाला तरी लटकत राहील. टपरीवर उतरताना तो काढून खिशात टाकावा. फेरीचा नकाशा चारचौघांना पाठवताना घराजवळचा भाग झाकण्याची सोय असेल तर ती वापरावी, कारण आपण रोज किती वाजता घराबाहेर असतो हे सगळ्या जगाला कशाला सांगायचे? आणि चालत्या सायकलवर नजर रस्त्यावर ठेवावी. आकडे घरी आल्यावरही तेच असतात.

परवा टपरीजवळ आलो, तर पुढची सायकल आपोआप थांबली. मी म्हणालो, “अगं, आज थांबायचं? उशीर होईल.”

“त्यात काय झालं? चहाचा वेळ हा मुळी धरतच नाही,” ती मीटरकडे बोट दाखवून म्हणाली आणि दोन कटिंग सांगितले. एक बिनसाखरेचा आणि दुसराही बिनसाखरेचाच.