दमणीची धाव बदलताना

कळमेश्वरच्या आसपासच्या एखाद्या गावी, जुन्या घराच्या गोठ्यात उभी असलेली दमणी तुम्ही पाहिली आहे का? दमणी म्हणजे माणसांच्या प्रवासासाठी केलेली, छत असलेली हलकी बैलगाडी. तिचे काम आता मोटारीने घेतले आहे. तरीही वाडवडिलांची आठवण म्हणून ती दुरुस्त करू पाहणारे लोक आहेत. त्यांची पहिली अडचण असते चाकाची. चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, सैल झालेली असते. मग कोणी तिला भोके पाडून बोल्ट ठोकतो, तर कोणी चाकच काढून रबरी टायर बसवतो.

माझे म्हणणे असे, की जुना भाग बदलण्यापूर्वी तो काय काम करतो हे समजून घ्यावे.

धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. एक मीटर लोखंड एका अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढते. १२० सेंटिमीटर व्यासाच्या धावेचा परीघ सुमारे ३७७ सेंटिमीटर भरतो. तिचे तापमान ५०० अंशांनी वाढवले, तर परीघ सव्वादोन सेंटिमीटरने वाढतो. तापलेली धाव चाकावर चढवून लगेच पाणी ओतले, की ती आकसते आणि आरे, पुठे व तुंबा यांना घट्ट आवळते. एकही खिळा न मारता सारे चाक एकजीव होते! वाफेच्या एंजिनांच्या चाकांवरही पोलादी धावा अशाच तापवून चढवीत. नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात गेलात, तर ती चाके नीट पाहा.

मग धाव सैल का होते? आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते आणि लोखंड थोडे वाढते. चाक पाण्यात भिजवले तर लाकूड फुगते खरे, पण हा उपाय तात्पुरता. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरते, लाकूड कुजते आणि आवळण्याचे मूळ काम राहूनच जाते. खरा उपाय म्हणजे धाव थोडी कापून, पुन्हा जोडून, तापवून चढवणे. हे काम जाणणारे लोहार आणि सुतार थोडेच उरले आहेत. ते आहेत तोवर त्यांच्याकडून ते शिकून घेतले पाहिजे.

याचा अर्थ, जुने ते सारे जपावे असा नाही. रोज ओझे वाहणाऱ्या बंडीला रबरी टायर आणि बेअरिंग अवश्य लावावे. रुंद टायर मऊ जमिनीत कमी रुततो, धक्के कमी बसतात आणि बैलांचे कष्ट वाचतात. बंगलोरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात बैलगाडी सुधारण्याचा आग्रह धरला होता, तो योग्यच होता. आपल्या हौसेचा भार बैलांच्या मानेवर का टाकावा?

पण जी दमणी जपायचीच आहे, तिचे चाक मूळ रीतीनेच दुरुस्त व्हावे. तुमच्या गावात असे काम निघाले, तर दोरा घेऊन जा. चाकाचा बाहेरचा आणि धावेचा आतला परीघ मोजा. किती लोखंड कापायचे, ते तो दोराच सांगेल.