रस्ता कुणाच्या बापाचा?


मी पायी चालणारा माणूस. बाप पायी गिरणीत गेला, मीही पायीच चालतो. वरळीला उभा राहिलो की समोर किनारी रस्ता दिसतो. मरीन ड्राइव्ह ते वरळी, १०.५८ किलोमीटर. समुद्र बुजवून केलेला. मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा उघडला. त्यावर चालणाऱ्याला बंदी, सायकलला बंदी, मोटारसायकलला बंदी, रिक्षाला बंदी. कडेला हवा खायला जागा ठेवलीय. पण हवा खाऊन कामावर पोचता येतं काय?

त्या रस्त्यावर मोटारवाल्याला टोल नाही. आणि मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं. चार घरची भांडी घासणारी बाई जाऊन येऊन रोज दहा रुपये जादा मोजते. हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

रस्ता रुंद केला की मोटारी वाढतात आणि रस्ता पुन्हा तुंबतो, हे साहेबांना ठाऊक आहे. मग बदलत का नाहीत? उत्तर दिल्लीत मिळतं. २००८ साली तिथं आंबेडकर नगर ते मूलचंद ५.८ किलोमीटर रस्त्यावर मधल्या मार्गिका बससाठी राखून ठेवल्या. सायकलला वेगळा पट्टा दिला. झालं, मोटारवाल्यांची माथी भडकली! 'राखीव' म्हटलं की कुणाच्या पोटात दुखतं, हे आपल्याला नवं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयानं बसमार्गाविरुद्धची याचिका फेटाळली. तरी २०१६ साली सरकारनं तो मार्ग उखडून टाकला. त्यात खोट होतीच. लांबी तोकडी, सिग्नलला खोळंबा. पण खोट दुरुस्त करतात. पुलावर मोटारी तुंबल्या म्हणून कुणी पूल पाडल्याचं ऐकलंय?

म्हणजे गोम नकाशात नाही, नकाशा काढणाऱ्याच्या बुडाखाली आहे. तो मोटारीतून येतो, मोटारीतून जातो. काचेतून त्याला बसथांब्यावरची रांग दिसते ती अडगळ म्हणून.

आपल्या पोरांनाही मोटारीचं स्वप्न पडतं. पडू द्या. ज्याच्या आज्याला गावातली वाट बंद होती, त्यानं मोटारीत बसू नये असं सांगणारा मी कोण? पण सगळी वस्ती मोटारीत बसली तरी ती उभी कुठं करणार? एका माणसाची मोटार जेवढी जागा खाते, तेवढ्यात बसमधली पंधरा-वीस माणसं मावतात.

तेव्हा भावांनो, रस्ता झाल्यावर बोंबलून उपयोग नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यानं विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकत घ्यायचा हक्क प्रत्येकाला दिलाय. बिल्डर तो वापरतात, आपण वापरत नाही. पुढचा मसुदा येईल तेव्हा वस्तीवस्तीतून हरकती गेल्या पाहिजेत. आधी फूटपाथ, मग बस, उरलं तर मोटार.

बाबासाहेबांनी महाडला पाणी मागितलं नाही, हक्क बजावला. रस्त्याचंही तेच.