पाटीवर नसलेलं गाव

दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याकडून खचाखच भरून निघते आणि नागपूर सोडल्यावर जरा सैल पडते. पुढे तासाभरात पिवळी पाटी दिसते: भंडारा रोड. बॅगा सांभाळत माणसं उतरतात, ती मात्र वरठीत. बाहेर ऑटोवाले ‘भंडारा, भंडारा’ ओरडत असतात. जिल्ह्याचं शहर तिथून अजून दहाएक किलोमीटर.

बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून हा मार्ग मुंबई-हावडा वाहतुकीचा कणा आहे. रेल्वेचा हिशेब साधा होता: मोठ्या गावाला जायचा रस्ता जिथून फुटतो, ते स्टेशन त्या गावाच्या नावाचं, मागे ‘रोड’ जोडून. पुढचं तुमसर रोड असंच देव्हाडीत आहे. देव्हाडीकरांचं दुःख आम्ही समजू शकतो.

यंदाच्या अंकाचा विषय म्हणून आम्ही वरठीच घेतली, ती या नावासाठी. उद्योजकांना बोलवायला सांगण्यासारखं इथे पुष्कळ आहे. दारातून मुख्य लोहमार्ग जातो, भंडारा-तुमसर रस्ता गावातूनच जातो. उत्तरेला तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्गचं मँगनीज आहे. सनफ्लॅग कंपनी 1984 साली स्थापन झाली ती केनियात व्यवसाय उभा केलेल्या भारतीय कुटुंबाच्या पुढाकाराने. तिचा पोलाद कारखाना इथेच आहे. वाहनांच्या सुट्या भागांसाठी लागणारं खास पोलाद इथून जातं. पण ते विकत घेणाऱ्या किती जणांना वरठी ठाऊक असेल?

नावाची किंमत कळायला सीमेपलीकडे बघावं. 1956 पर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. राज्यं वेगळी झाली, चिन्नोर तांदळाचा वास काही थांबला नाही. बालाघाटने आपल्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून घेतलं. भंडाऱ्याच्या चिन्नोरला ते 2023 मध्ये मिळालं. दाणा तोच, वास तोच; पण त्यांनी पोत्यावर गावाचं नाव आपल्या आधी लिहून घेतलं. आंधळगावच्या कोशाचं, म्हणजे तिथल्या रेशमी कापडाचं, तसं नाही. तो विणकरांनी गावाच्या नावानेच विकला, म्हणून मोहाडी तालुक्यातलं ते लहानसं गाव साड्या घेणाऱ्या बायकांना पाठ आहे.

जाहिरातपत्रकं छापून शहर वाढत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘गुंतवणुकीस पोषक’ ही शब्दरचना तर या अंकात आम्ही कुणालाच वापरू दिली नाही. कारखान्यातली पाळी इथे करायची आणि घर भंडाऱ्यात किंवा नागपुरात बांधायचं, हे जोवर चालू आहे, तोवर बाहेरच्या व्यापाऱ्याने इथे दुकान का थाटावं? नोकरी करणाऱ्याने आधी इथे राहायला यावं. त्यासाठी काय हवं, ते पुढच्या पानांत शाळेच्या मास्तरांनी, धान गिरणीवाल्याने आणि कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरने लिहिलं आहे. फिटरचा लेख आधी वाचा.

भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरेल, रात्री दंडार रंगेल. तिथे भेटलेल्या जुन्या मित्राला विचारून पाहा, गाडीतून कुठे उतरलास? तिकिटावर काहीही छापलेलं असो, तो म्हणेल, ‘वरठीले.’