तारखा द्या, संघ आम्ही उभे करतो

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला, खाडीच्या काठावर गॉसफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या फुटबॉल मैदानाच्या एका टोकाला प्रेक्षागार नाही. तिथं ताडांची रांग आहे आणि तिच्यामागे खाडीचं पाणी. आसनं वीस हजारांच्या वर. आजूबाजूचा सगळा सेंट्रल कोस्ट धरला तरी वस्ती साडेतीन लाखांच्या आत-बाहेर. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 16 लाख 15 हजार माणसं होती. एवढ्याशा त्या किनाऱ्याचा सेंट्रल कोस्ट मरिनर्स हा क्लब 2005 पासून, म्हणजे ऑस्ट्रेलियाची ए-लीग सुरू झाल्यापासून तिथं खेळतो आहे. मरिनर्स म्हणजे दर्यावर्दी. हे नाव घ्यायला मिरकरवाडा आणि राजिवडा या आमच्या रत्नागिरीतल्या दर्यावर्दी वस्त्यांचाही हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं.

या क्लबचा 2023-24 चा हंगाम मला तोंडपाठ आहे. त्याआधीच्या वर्षी ते ए-लीगचे विजेते ठरले होते. अंतिम सामन्यात त्यांनी मेलबर्न सिटीला 6-1 असं हरवलं आणि त्यात जेसन कमिंग्जनं तीन गोल केले. कमिंग्ज मग कोलकात्याच्या मोहन बागानकडे गेला. नवा हंगाम तोंडावर असताना प्रशिक्षक निक माँटगोमेरी स्कॉटलंडला गेले. मार्क जॅक्सन आले आणि लीगमधले पहिले चारही सामने संघ हरला. आपल्याकडे चार पराभवांनंतर मालकानं प्रशिक्षकाला घरी पाठवलं असतं आणि लोकांनी मैदानाकडे पाठ फिरवली असती. तिथं तसं झालं नाही. 1 मे 2024 ला ॲडलेड युनायटेडला 2-0 नं हरवून मरिनर्सनी साखळीतलं पहिलं स्थान पक्कं केलं. चारच दिवसांनी, 5 मे रोजी, मस्कतमध्ये लेबनॉनच्या अल अहेदला अलू कुओलच्या एकमेव गोलवर हरवून एएफसी चषक जिंकला. 25 मे रोजी गॉसफर्डमध्येच अंतिम सामना. मेलबर्न व्हिक्टरी पुढे होती, नव्वद मिनिटं संपली होती. भरपाईच्या वेळेत रायन एडमंडसननं बरोबरी साधली आणि जादा वेळेत मरिनर्स 3-1 नं जिंकले. कर्णधार आणि गोलरक्षक डॅनी वुकोविच याच क्लबमध्ये घडला. मधली वर्षं बाहेर काढून परतलेल्या वुकोविचनं त्या रात्री निवृत्ती घेतली. एका हंगामात तीन चषक ऑस्ट्रेलियातल्या कोणत्याही क्लबनं त्याआधी जिंकले नव्हते.

हे मला कळलं ते मस्कतमुळे. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ आमचं क्रीडासाहित्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी चालवते. राजिवड्यातलं आमचं एक गिऱ्हाईक मस्कतला नोकरीला आहे. तो सामना त्यानं स्टेडियममध्ये बसून पाहिला. सुट्टीवर आला तेव्हा काउंटरवर मोबाईल ठेवून मला मरिनर्सची पिवळी गर्दी दाखवत होता. "भाभी, आपल्यासारखंच गाव आहे हो, दर्याकाठचं," म्हणाला. त्याच मरिनर्सनी त्याच स्पर्धेच्या वाटेवर मार्चमध्ये आपल्या ओडिशा एफसीला गॉसफर्डला 4-0 नं हरवलं होतं, हे मला नंतर समजलं. तेव्हापासून त्यांचे निकाल मी बघत आले आहे.

आता आमच्याकडचं सांगते. माझ्या दुकानात क्रिकेटचा माल बारा महिने खपतो. फुटबॉल खपतो तो विश्वचषकाच्या वर्षी आणि शाळांच्या स्पर्धांच्या आठवड्यात. माल जालंधरहून येतो. हातशिलाईचा चेंडू मी इथं कुणाला घेऊ देत नाही, कारण जांभ्याच्या मैदानावर त्याची शिवण महिन्याभरात उसवते. मोल्डेड रबरी चेंडू टिकतो, पण तो उसळतो फार आणि पोरांना तो पायाखाली दाबून ठेवायची सवय लागत नाही. बुटांचे स्टड तर दोन-तीन महिन्यांत घासून सपाट होतात. मग पोरगं अनवाणी मांडवीच्या वाळूत खेळतं. वाळूत पाय मजबूत होतात हे खरं, पण चेंडू जमिनीवरून पास करता येत नाही. पास न करता वाढलेला खेळाडू मोठ्या मैदानावर गोंधळतो.

तरी मैदानाचं दुःख मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. पहिलं दुःख तारखांचं आहे. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेऱ्या पावसाळ्यात येतात, जेव्हा आमच्याकडे मैदानावर घोट्याएवढं पाणी असतं. एक संघ हरला की त्या पोरांचं वर्ष संपलं. चौदा वर्षांचा मुलगा आईच्या मागे लागून बूट घेतो, एक सामना खेळतो, आणि पुढचा सामना कधी ते त्याला सांगणारं कुणी नसतं. मरिनर्स पहिले चार सामने हरूनही उभे राहिले, कारण पाचवा सामना कुठल्या तारखेला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तारखांचं हे दुखणं वरपर्यंत आहे. महाराष्ट्राचा मोठा क्लब म्हणजे मुंबई सिटी. त्याचा ऑस्ट्रेलियाशी थेट संबंध होता. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं 2014 मध्ये मेलबर्नचा क्लब घेतला आणि 2019 मध्ये मुंबईचा 65 टक्के हिस्सा. मेलबर्न सिटीत सहायक प्रशिक्षक असलेले डेस बकिंगहॅम मुंबईला आले. त्यांच्या हाताखाली मुंबईनं 2022-23 मध्ये 20 सामन्यांत 46 गुण मिळवून इंडियन सुपर लीगची (आयएसएल) शील्ड जिंकली. आपला मुंबईकर राहुल भेके याच्या हेडरवर 2022 मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 नं हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लबही मुंबईच ठरला. बकिंगहॅमनंतर पेत्र क्रॅटकी आले, तेही मेलबर्नहूनच. त्यांनी 2024 चा आयएसएल चषक आणला. एवढं सगळं जमलेलं असताना 2025-26 चा हंगाम कराराच्या घोळात अडकला, महिनोन्महिने पुढे ढकलला गेला आणि अखेर 14 फेब्रुवारी 2026 ला सुरू झाला. आदल्या वर्षी प्रत्येक संघाला साखळीत 24 सामने होते, या वेळी 13. आणि 2025 च्या डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुप मुंबईतून बाहेर पडला. हंगामाची शाश्वती नसेल तर एवढा श्रीमंत मालकही थांबत नाही.

ही पहिली वेळ नाही. महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये संघ बंद झाला. पुणे एफसी 2015 मध्ये गेला. भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स, मुंबई एफसी, एफसी पुणे सिटी, सगळे एकामागून एक संपले. त्या जर्सी मी विकल्या आहेत. पुणे सिटीच्या नारिंगी जर्सीचा शेवटचा गठ्ठा निम्म्या किमतीला काढताना मला फार वाईट वाटलं. कारण तो शेवटचा गठ्ठा घेणाऱ्या पोरांना संघ उरलेला नाही हे माहीतसुद्धा नव्हतं.

ऑस्ट्रेलियात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. वेस्टर्न युनायटेड हा मेलबर्नचा क्लब पैशांअभावी 2025-26 मध्ये खेळलाच नाही. खुद्द मरिनर्सचा पुरुष संघ तीन चषकांनंतरच्या वर्षी बाद फेरीतही पोचला नाही. पण लीग थांबली नाही. त्याच पडत्या वर्षात, 2025 च्या मे महिन्यात, मरिनर्सच्या महिला संघानं मेलबर्न व्हिक्टरीला पेनल्टीवर हरवून विजेतेपद मिळवलं. हा संघ वर्षानुवर्षं बंद होता, 2023 मध्ये पुन्हा उभा केला होता. दुकानात येऊन भावाचे बूट घालून बघणाऱ्या मुली मी पाहते, म्हणून ही बातमी मला तीन चषकांपेक्षाही मोठी वाटते.

आणि इतकं लांब कशाला जायचं? आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथं पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी आणि मंडळं वर्षानुवर्षं राजर्षी शाहू स्टेडियमवर साखळी खेळतात. यातला एकही क्लब कुठल्या कंपनीचा नाही, पेठांचे आहेत. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी सामने थांबलेले आहेत, तो डाग आहेच. पण 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा आहे, आणि तो योगायोगानं तिथला नाही. माझे कोल्हापूरचे घाऊक व्यापारी सांगतात, साखळी सुरू झाली की बूट पुरत नाहीत.

रत्नागिरीला लगेच व्यावसायिक क्लब द्या, असं मी म्हणत नाही. जिल्हा क्रीडा कार्यालय, नगर परिषद आणि शाळा यांनी मिळून एक वेळापत्रक जाहीर करावं आणि ते मोडू नये, एवढंच मागते. तेही इथल्या कामधंद्याकडे बघून. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मिरकरवाड्याची पोरं मोकळी असतात, पण तेव्हा पाऊस. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला सगळे हात बागेत लागतात. उरतो तो काळ दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचा. आठ संघ, प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं, दर रविवारी. मोठ्यांचे सामने दुपारी, त्याआधी मुलींचे. सध्या रमजान या काळात येतो. मैदानावर पुरेसे दिवे नसतील तर तो महिना सामने थांबवावेत आणि तेही आधीच छापून टाकावं. 2027 मध्ये ईद मार्चच्या दहा तारखेच्या आसपास आहे आणि होळी त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. अंतिम सामना त्या दोन सणांच्या मधल्या रविवारी ठेवा. मोहल्ल्यातली पोरं उपासातून मोकळी झालेली असतील आणि मुंबईचे चाकरमानी शिमग्याच्या पालखीसाठी गावाकडे निघालेले असतील. त्यांना एक दिवस आधी यायला सांगायला कुणाला अवघड जाणार नाही.

मैदानावर माती टाकून रोलर फिरवायचा खर्च नगर परिषदेनं करावा. रेफरी कोल्हापूरहून बोलवावेत, त्यांचा प्रवास आणि जेवण आम्ही बाजारपेठेतले दुकानदार बघू, तसं चौघांशी माझं बोलणं झालं आहे. पहिल्या हंगामाचे सगळे चेंडू माझ्याकडून. मोल्डेड नाही, शिलाईचे. उसवले तर शिवून देण्याची जबाबदारीही माझी.